रोजच्या ऑटोमॅटिक शेवेलसाठी कॅमशाफ्ट निवडताना: कॉम्प कॅम्स एक्सई २५६ एच

माझ्याकडे १९७२ सालची शेव्हरले शेवेल आहे. ३५० घनइंचांचे व्ही-८ इंजिन, त्यावर चार बॅरलचा रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर, मागे टर्बो हायड्रामॅटिक ३५० हा तीन गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये २.७३ चा गिअर, अशी तिची रचना आहे. ही गाडी मी आच्छादनाखाली झाकून ठेवत नाही. रोज सकाळी तिनेच कामावर जातो, संध्याकाळच्या गर्दीत तिनेच परततो, आणि म्हणूनच तिच्यासाठी कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटवणारा दांडा, थोडक्यात कॅम) निवडताना माझी कसोटी शर्यतीच्या मैदानावरची नव्हती, तर लाल सिग्नलवरची होती. कॉम्प कॅम्सचा एक्सई २५६ एच हा हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट (म्हणजे ज्याचे उंचवटे, अर्थात लोब, तेल भरलेल्या व जवळपास सपाट तळाच्या दट्ट्यांना, अर्थात लिफ्टरना, घासत उचलतात असा) कॅम या गाडीत बसवून आता सोळा महिने झाले आहेत, आणि तो निवडण्यामागचा विचार, बसवतानाचे काम व त्यानंतरचा अनुभव सविस्तर लिहिण्याइतका वापर आता झाला आहे असे मला वाटते.

गाडी विकत घेतली तेव्हा आधीच्या मालकाने एका वर्कशॉपकडून बसवून घेतलेला मोठा कॅम तिच्यात होता. आवाज भारदस्त होता हे मान्य करावेच लागेल. पहिल्याच दिवशी शेजारची मुले तो ऐकायला बाहेर आली होती. पण त्या आवाजाची किंमत मी प्रत्येक चौकात मोजत होतो. पार्कमध्ये मिनिटाला ९५० फेऱ्यांवर चालणारे इंजिन ड्राइव्ह टाकला की धाडकन सहाशेवर यायचे आणि थरथरू लागायचे. ते बंद पडू नये म्हणून आयडल (पेडल न दाबता इंजिन ज्या फेऱ्यांवर चालते तो वेग) वाढवला, की गाडी ब्रेकवर उभी असतानाही पुढे रेटायची. ड्राइव्हमध्ये उभे असताना मॅनिफोल्डचा (सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम गेजवर जेमतेम ११ इंच पारा दाखवी, तोही काटा सतत थरथरत. याच व्हॅक्यूमवर चालणाऱ्या पॉवर ब्रेकच्या बूस्टरला नीट काम करण्यासाठी साधारण १५ इंच तरी हवेत, त्यामुळे उतारावरच्या सिग्नलला दुसऱ्यांदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखे कडक लागायचे. एकदा पुढच्या गाडीच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबलो, त्या संध्याकाळी हा कॅम काढायचा हे ठरले. पुढे इंजिन उघडल्यावर डायल गेज लावून मोजले, तेव्हा ०.०५० इंच लिफ्टवर (लिफ्टर तेवढा उचलला गेल्यापासून परत तेवढ्यावर येईपर्यंत) त्याचा इनटेक कालावधी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा क्रँकच्या फिरण्याच्या अंशांतला काळ, २३६ अंश निघाला. कमी कॉम्प्रेशनच्या, मूळ टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि २.७३ गिअरच्या गाडीत हा कॅम कोणत्या हिशेबाने घातला गेला असेल, याचे उत्तर मला आजही सापडलेले नाही.

ऑटोमॅटिक गाडीत हा प्रश्न अधिक टोकदार का होतो, हे नीट समजून घ्यायला हवे. मॅन्युअल गाडी सिग्नलवर न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उभी असते, तेव्हा इंजिनवर कसलाही भार नसतो. मोठ्या कॅमची धडधड तिथे कशीबशी निभावून जाते. ऑटोमॅटिक मात्र ड्राइव्हमध्ये उभी असताना टॉर्क कन्व्हर्टरमधले तेल सतत घुसळत असते, म्हणजेच इंजिन त्याच्या सर्वांत अशक्त फेऱ्यांवर ओझे ओढत असते. शिवाय टर्बो हायड्रामॅटिक ३५० मध्ये एक व्हॅक्यूम मॉड्युलेटर असतो. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम पाहून तो इंजिनवर किती भार आहे हे ओळखतो आणि त्यानुसार गिअरबॉक्समधला तेलाचा दाब व गिअर बदलण्याची वेळ ठरते. व्हॅक्यूम कायम कमी राहिला, तर चालकाने पेडल खोल दाबले आहे अशी त्याची समजूत होते, आणि मग गिअर उशिरा आणि झटक्याने पडतात. माझी गाडी दुसरा गिअर टाकताना हिसका देत असे, आणि मी कित्येक महिने दोष गिअरबॉक्सला देत होतो. कॅम बदलल्यावर गिअरबॉक्सला हातही न लावता तो हिसका गेला.

आता आकड्यांकडे वळतो, कारण या निवडीत आकडे टाळून चालत नाही. त्या काळातल्या अनेक साध्या ३५० इंजिनांत शेव्हरलेचा जो सौम्य कॅम येत असे, जुने लोक ज्याला त्याच्या क्रमांकावरून '९२९' म्हणतात, त्याचा कालावधी ०.०५० इंच लिफ्टवर इनटेकला १९५ व एक्झॉस्टला २०२ अंश आहे आणि व्हॉल्व्हची उचल ०.३९० व ०.४१० इंच. मी विचारात घेतलेले कॅम असे: एक्सई २५६ एचमध्ये २१२ व २१८ अंश, उचल ०.४४७ व ०.४५४ इंच, एक्सई २६२ एचमध्ये २१८ व २२४ अंश, उचल ०.४६२ व ०.४६९, एक्सई २६८ एचमध्ये २२४ व २३० अंश, उचल ०.४७७ व ०.४८०. या तिघांतही इनटेक व एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन ११० अंशांचा आहे. चौथा एडलब्रॉकचा परफॉर्मर, २०४ व २१४ अंशांचा, ०.४२० व ०.४४२ इंच उचलीचा आणि ११२ अंशांच्या कोनाचा.

इथे नवख्या माणसाची एक फसगत हमखास होते. खोक्यावर जो जाहिरातीचा कालावधी छापलेला असतो, तो किती उचलीपासून मोजायचा हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते. एडलब्रॉकच्या परफॉर्मरवर २७८ व २८८ अंश लिहिलेले असतात आणि एक्सई २५६ एचवर २५६ व २६८. केवळ हे आकडे पाहिले तर पहिला कॅम मोठा वाटेल. प्रत्यक्षात ०.०५० इंचांवर मोजले की तोच लहान ठरतो. दोन कंपन्यांच्या कॅमची तुलना करायची असेल तर ०.०५० इंचांवरचाच आकडा घ्यावा. जाहिरातीचा आकडा उपयोगी पडतो तो एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या कॅमची आपसांत तुलना करताना.

ती तुलना मी केली. इनटेक आणि एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, जाहिरातीच्या कालावधीवरून काढला तर २५६ मध्ये ४२ अंश, २६२ मध्ये ४६ अंश आणि २६८ मध्ये ५४ अंश येतो. आयडलवर मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, त्यामुळे या काळात जळून गेलेला वायू उलटा सिलिंडरमध्ये आणि मॅनिफोल्डमध्ये शिरतो, ताज्या मिश्रणात मिसळतो आणि ज्वलन अडखळते. कानाला गोड लागणारी ती धडधड म्हणजे खरे तर हे अडखळणेच असते. दुसरा मुद्दा इनटेक व्हॉल्व्ह बंद होण्याचा. शिफारशीप्रमाणे १०६ अंशांच्या इनटेक मध्यरेषेवर (पिस्टन वर पोहोचल्यापासून इनटेक लोबच्या शिखरापर्यंतचे अंश) बसवल्यास २५६ चा इनटेक पिस्टन तळाशी गेल्यानंतर ५४ अंशांनी बंद होतो आणि २६८ चा ६० अंशांनी. जितका उशीर, तितके मिश्रण वर येणाऱ्या पिस्टनने मागे ढकलले जाते आणि कमी फेऱ्यांवरचे प्रत्यक्ष कॉम्प्रेशन घटते. जनरल मोटर्सने १९७१ पासून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी सर्वच इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले होते आणि माझ्या इंजिनाचे मूळ गुणोत्तर ८.५ आहे. आधीच कमी असलेल्या कॉम्प्रेशनमधून आणखी काढून घेणे मला परवडणारे नव्हते.

राहिला प्रश्न कन्व्हर्टर आणि गिअरचा. मूळ कन्व्हर्टर साधारण १६०० ते १८०० फेऱ्यांवर स्टॉल होतो, म्हणजे गाडी ब्रेकवर धरून पेडल दाबले तर इंजिन त्याहून वर जात नाही. ताशी ६० मैलांना, २६ इंच व्यासाच्या टायरवर आणि २.७३ गिअरवर इंजिन सुमारे २१०० फेऱ्या घेते. म्हणजे माझ्या गाडीचे सगळे आयुष्य ७०० ते २८०० फेऱ्यांच्या दरम्यान जाते. एक्सई २६८ एचची कार्यकक्षा १६०० पासून सुरू होते असे कंपनीच सांगते. ज्या फेऱ्यांवर गाडी दिवसभर राहते त्यांतल्या जवळपास निम्म्या ज्या कॅमच्या कक्षेबाहेर पडतात, तो कॅम कितीही नावाजलेला असला तरी तो माझा नाही. २६२ आणि २५६ यांच्यात मात्र मी तीन आठवडे घोळत राहिलो, आणि शेवटी जो घ्यावासा वाटत होता त्याच्या एक पायरी खालचा घेतला. परफॉर्मर आयडलला याहूनही शांत चालला असता यात मला शंका नाही. पण एक्सई मालिकेचे लोब व्हॉल्व्ह झपाट्याने उघडतात आणि मिटतात, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा एकूण काळ फारसा न वाढवता अधिक उचल मिळते, आणि कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला नेमके हेच हवे असते.

बसवण्याच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण चांगला कॅम चुकीच्या हातांनी दोन दिवसांत मातीमोल होतो. रेडिएटर, पाण्याचा पंप, हार्मोनिक बॅलन्सर आणि टायमिंग कव्हर काढल्यावर मला दिसला तो मूळ कॅम गिअर, ज्याचे दात नायलॉनचे होते. चार दातांचे टवके उडालेले होते, आणि तेलाचा तळ उघडला तेव्हा त्यांचे पिवळट तुकडे पंपाच्या जाळीला चिकटलेले सापडले. या वयाच्या गाडीत कॅमबरोबर दुहेरी रोलरची टायमिंग चेन आणि पोलादी गिअर घातलेच पाहिजेत, यावर मी तडजोड करणार नाही. कॅम ओढून काढण्यापूर्वी पेट्रोल पंपाची दांडी वर अडवून धरावी लागते. त्यासाठी ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजवीकडे असलेल्या छिद्रातला आखूड बोल्ट काढून तिथे लांब बोल्ट हाताने, अगदी हलका, दांडीला टेकेपर्यंत फिरवला की काम होते. नवा कॅम आत सरकवताना त्याच्या नाकावर तीन लांब बोल्ट मुठीसारखे बसवून घेतले आणि पाचही बेअरिंगांतून तो अक्षरशः श्वास रोखून नेला, कारण लोबची धार बेअरिंगला घासली की तो ओरखडा कायमचा राहतो.

चेनवरच्या खुणा जुळवल्या की काम संपले असे समजू नये. मी अंशचक्र, पिस्टन अडवणारा स्टॉप आणि डायल गेज लावून इनटेकची मध्यरेषा मोजली. पहिल्या मोजणीत ती १०९ अंशांवर आली, म्हणजे कॅम तीन अंश मागे बसला होता. क्रँकच्या गिअरवरची चावीची खाच बदलून तो १०५ वर आणला. सौम्य कॅम निवडून तो नकळत मागे बसवला, तर ज्यासाठी तो निवडला ती खालच्या फेऱ्यांची ताकदच हातची जाते. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगही बदलल्या. पन्नास वर्षांच्या थकलेल्या मूळ स्प्रिंग इतक्या झपाट्याच्या लोबला साथ देऊ शकत नाहीत, म्हणून कॅम बनवणाऱ्याने सुचवलेल्याच स्प्रिंग घ्याव्यात आणि पूर्ण उचलीवर रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) व व्हॉल्व्ह गाइड यांच्यात पुरेशी फट राहते का ते प्रत्येक व्हॉल्व्हवर तपासावे. लिफ्टर तर नवेच हवेत. जुना लिफ्टर नव्या लोबवर कधीही चालत नाही.

फ्लॅट टॅपेट कॅमचे खरे भवितव्य पहिल्या अर्ध्या तासात ठरते. लोबला अगदी किंचित उतार दिलेला असतो आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो. या दोहोंमुळे लिफ्टर आपल्या जागी फिरत राहतो आणि झीज एका जागी साचत नाही. एखादा लिफ्टर फिरला नाही तर तो आपला लोब खरवडून काढतो आणि धातूचा कीस सगळ्या इंजिनभर पसरतो. म्हणून लोबवर आणि लिफ्टरच्या तळावर कॅमबरोबर आलेली मॉलिब्डेनमची पेस्ट लावली, जस्त-फॉस्फरसयुक्त ब्रेक-इन (नवा कॅम रुळवण्याचे) तेल भरले, ड्रिलने तेलाचा पंप फिरवून सोळाही रॉकरपर्यंत (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफांपर्यंत) तेल पोहोचल्याची खात्री केली आणि इग्निशनचे टायमिंग आधीच अचूक लावून ठेवले, म्हणजे इंजिन उगाच स्टार्टरवर फिरत राहणार नाही. ते पहिल्या प्रयत्नात सुरू झाले. लगेच २००० वर नेले आणि पुढची तीस मिनिटे २००० ते २५०० च्या दरम्यान वरखाली करत ठेवले, एक क्षणही आयडलवर येऊ दिले नाही. वरून कापलेले एक जुने व्हॉल्व्ह कव्हर मी याच कामासाठी ठेवले आहे. त्यातून प्रत्येक पुशरॉड (लिफ्टरची उचल रॉकरपर्यंत नेणारी, लिफ्टरबरोबर फिरणारी दांडी) फिरतो आहे का ते पाहता येते, आणि फिरणाऱ्या पुशरॉडवर पेनाने काढलेली खूण डोळ्यांसमोरून जाताना पाहणे हा त्या तीस मिनिटांतला एकमेव दिलासा होता. नंतर तेल गाळून पाहिले, फिल्टर कापून उघडला. पेस्टचा काळसर थर होता, चमकणारा कीस नव्हता.

ज्यांना हे दिव्य नको असेल त्यांनी हायड्रॉलिक रोलर कॅमचा (ज्याच्या लिफ्टरच्या तळाशी फिरते चाक असते) विचार करावा. त्याला असे ब्रेक-इन लागत नाही, आणि खर्च झेपणाऱ्याला मी तोच सुचवेन. १९८७ पासूनच्या बहुतेक स्मॉल ब्लॉकमध्ये त्याची सोय मुळातच असते. माझ्यासारख्या जुन्या ब्लॉकमध्ये मात्र पट्टीने जोडलेले खास लिफ्टर घ्यावे लागतात आणि खर्च बराच वाढतो.

कॅम बदलल्यावर कार्बोरेटर आणि टायमिंग जुन्या मापावर ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक. क्वाड्राजेटमध्ये पॉवर पिस्टन व्हॅक्यूमच्या ओढीने खाली राहतो आणि मीटरिंग रॉड जेटमध्ये धरून मिश्रण पातळ ठेवतो; व्हॅक्यूम पडला की खालची स्प्रिंग त्याला वर ढकलते आणि मिश्रण दाट होते. जुन्या कॅमवर हा पिस्टन आयडललाच वर तरंगत होता, म्हणून प्लग काळे पडायचे आणि गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास रेंगाळायचा. नव्या कॅमवर ड्राइव्हमध्ये ७०० फेऱ्यांना व्हॅक्यूम १६ इंच आणि पार्कमध्ये १८ इंचांच्या आसपास स्थिर राहतो, त्यामुळे मूळ स्प्रिंगच पुरली. इग्निशनचे सुरुवातीचे टायमिंग (पिस्टन वर पोहोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते) १२ अंशांवर आणले, डिस्ट्रिब्यूटरची यांत्रिक आघाडी मर्यादित करून एकूण ३६ अंशांवर थांबवली, आणि व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (व्हॅक्यूम जास्त असताना ठिणगी आणखी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी थेट मॅनिफोल्डला जोडली. या शेवटच्या बदलाने आयडल जितका सुधारला तितका दुसऱ्या कशानेही सुधारला नाही.

आता गाडी कशी चालते ते सांगतो. पार्कमधून ड्राइव्ह टाकला की फेऱ्या शंभराने उतरतात आणि तिथेच राहतात. कॉफीचा कप डॅशबोर्डवर ठेवला तर त्यातल्या कॉफीवर बारीक वर्तुळे उठतात, इतकाच हादरा. ब्रेकचे पेडल मऊ आणि भरवशाचे झाले आहे. पिकअप तर पहिल्या इंचापासून जाणवतो. १९७२ मध्ये या इंजिनाची शक्ती कंपनीने शेवेलमध्ये नेट १७५ अश्वशक्ती सांगितली होती. आज ती किती आहे हे मी डायनॅमोमीटरवर मोजलेले नाही, पण महामार्गावर शिरताना आधी जिथे खालच्या गिअरची वाट पाहावी लागे, तिथे आता तिसऱ्या गिअरमध्येच गाडी ओढून घेते. गॅलनमागे ११ मैलांवर आलेला अ‍ॅव्हरेज मिश्र वापरात १४ पर्यंत गेला आहे, अर्थात त्यात टायमिंग आणि कार्बोरेटरच्या कामाचाही वाटा आहे. पाच हजारांच्या पुढे ओढ ओसरते आणि तिथे फेऱ्या वाढवण्यात काही अर्थ नाही. आवाजात ११० अंशांच्या कोनामुळे हलकीशी लय आहे, थंड इंजिनावर ती अधिक ऐकू येते. रस्त्यावरचा माणूस वळून पाहील इतकी मात्र नाही. ज्याला आवाजासाठीच कॅम बदलायचा आहे त्याची या कॅमने निराशा होईल.

माझ्याच गाडीत मागचा गिअर ३.३१ असता आणि कॉम्प्रेशन नऊच्या वर असते, तर मी एक्सई २६२ एच निःसंकोच घेतला असता, कारण तेव्हा ६० मैलांना इंजिन २५५० फेऱ्यांच्या आसपास राहिले असते आणि त्याच्या ताकदीचा पट्टा रोज हाताशी आला असता. २६८ साठी मात्र २२०० ते २४०० स्टॉलचा कन्व्हर्टर आणि गिअरबॉक्सच्या तेलासाठी वेगळा कूलर घ्यावाच लागेल, आणि तो खर्च कॅमच्या खर्चात धरूनच निर्णय करावा. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे: १९७५ पर्यंतच्या गाड्यांना तिथे स्मॉग तपासणीतून सूट आहे, १९७६ पासूनच्या गाडीत मात्र राज्याच्या हवा संसाधन मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच कॅम चालतो.

दर तीन हजार मैलांनी मी तेल बदलतो, भरपूर जस्त असलेलेच घेतो, आणि प्रत्येक वेळी फिल्टर कापून घड्या उलगडून उन्हात पाहतो. पाच फिल्टर झाले. अजून एकाही घडीत कीस चमकलेला नाही.